रात्रीचे स्पाइक

तिकीट दोन ओळींचं होतं. ‘रात्री दोन ते चार सीओडीचे आकडे उडतात. नॉइज आहे, काढून टाका.’ प्रायॉरिटी हाय. मी ते जेवणाच्या सुट्टीआधी संपवलं.

२०२३ चा जून होता. मी तेव्हा ज्या छोट्या कंपनीत होतो, ती कारखान्यांच्या सांडपाण्याचे आकडे गोळा करायची. चाकण, भोसरी, तळवडे या पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांच्या मागच्या भिंतीला लागून ईटीपी असतो, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या टाक्या. शेवटच्या टाकीतून पाणी बाहेर पडतं तिथे एक प्रोब बुडवलेला असतो. २०१४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांना असे प्रोब बसवायला आणि त्यांचे आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरवर पाठवायला सांगितलं. प्रोब आणि सर्व्हर यांच्या मधलं सॉफ्टवेअर आम्ही लिहायचो.

सीओडी म्हणजे पाण्यातली घाण रासायनिक पद्धतीने जाळायला किती ऑक्सिजन लागेल त्याचं माप. नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी मर्यादा आहे लिटरला २५० मिलिग्रॅम. मी जे लिहिलं ते असं: नवा आकडा मागच्या तासाभराच्या आकड्यांपासून फार लांब गेला किंवा २४० च्या वर गेला, तर सेन्सर बिघडला असं समजायचं आणि त्या जागी शेवटचा ‘चांगला’ आकडा पाठवायचा. २४० हा आकडा क्लायंटने कळवला होता. २४० च का, हे मी विचारलं नाही. टेस्ट पास झाल्या, कोड वर गेला, क्लायंटकडून अंगठा आला. मी कँटीनला गेलो.

हे सगळं मी विसरूनही गेलो असतो. आठवण झाली ती जपानमुळे, म्हणजे खरं तर मावशीमुळे.

२४ ऑगस्ट २०२३ ला जपानने फुकुशिमाच्या टाक्यांमधलं पाणी समुद्रात सोडायला सुरुवात केली. त्या आठवड्यात आमच्या फॅमिली ग्रुपवर हिरवट चमकणाऱ्या माशांचे फोटो फिरत होते. आई मूळची कारवारजवळच्या सदाशिवगडची, बाबा निपाणीचे. मावशी अजून सदाशिवगडलाच असते, काळी नदी समुद्राला मिळते तिथे. तिने मला वेगळा व्हॉइस मेसेज पाठवला : “अरे, तू इंजिनिअर ना? ते जपानचं जाऊ दे. आमच्या कैगाचं पाणी पण काळीतच सोडतात ना रे? आम्ही त्याच नदीचे मासे खातो.”

मी लिहिलं, ‘मावशी, घाबरू नकोस, सगळं सेफ असतं.’ पाठवलं आणि मग वाटलं, हे आपल्याला कुठून कळलं? मला काहीच माहीत नव्हतं. क्लायंटला उत्तर द्यायच्या सवयीने मी मावशीला उत्तर दिलं होतं.

म्हणून वाचायला बसलो.

आपल्याकडे तारापूर, कल्पाक्कम आणि कुडनकुळम ही अणुऊर्जा केंद्रं समुद्रकाठी आहेत. बाकीची आतल्या भागात, गोड्या पाण्याच्या आधाराने उभी आहेत. रावतभाटा चंबळवरच्या राणाप्रताप सागरापाशी, नरोरा गंगेच्या काठी, काक्रापार तापीच्या आणि कैगा काळी नदीवरच्या कद्रा जलाशयापाशी. कैगात प्रत्येकी २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत. पहिल्या दोन २००० साली सुरू झाल्या. त्यातली पहिली भट्टी सलग ९६२ दिवस न थांबता चालली आणि २०१८ च्या शेवटच्या दिवशी थांबवली, तेव्हा तो जागतिक विक्रम होता.

समुद्रकाठी आणि नदीकाठी केंद्र असण्यात फरक काय, हे समजायला इंजिनिअर असायची गरज नाही. समुद्रात एक बादली ओतली तर ती हरवते. धरणाच्या पाण्यात ओतली तर काही काळ तिथेच राहते, आणि खाली कुणीतरी त्याच पाण्यावर शेती करतं, मासे धरतं, ते पाणी पितं. त्यामुळे आतल्या भागातल्या केंद्राला ‘पातळ करून सोडून दिलं’ एवढ्यावर भागवता येत नाही. सोडण्याआधी बरंच काही करावं लागतं.

किरणोत्सारी सांडपाण्याचं काय करायचं याच्या मुळाशी तीन साध्या युक्त्या आहेत. पहिली, थांबायचं. आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य आठ दिवसांचं. पाणी ८० दिवस टाकीत ठेवलं तर दहा वेळा निम्मं होऊन ते हजारात एक भाग उरतं. दुसरी, पकडायचं. सिझियम-१३७ चं अर्धायुष्य सुमारे ३० वर्षं, त्याच्यासाठी थांबत बसता येत नाही. मग पाणी रेझिनमधून गाळतात, आटवतात, रसायन घालून साका खाली बसवतात. घाण त्या थोड्याशा रेझिनमध्ये आणि साक्यात गोळा होते, ती सिमेंटसारख्या पदार्थात घट्ट करून आवारातच ठेवून देतात. रावतभाट्याला ऊन भरपूर, तिथे पाणी उन्हावर आटवायचीही सोय केलेली आहे. मिठागरासारखीच कल्पना. आणि या दोन्हींतून जे सुटतं त्याच्यासाठी तिसरी युक्ती, पातळ करायचं.

जे सुटतं ते मुख्यतः ट्रिटियम. हायड्रोजनचाच जड भाऊ. आपल्या बहुतेक अणुभट्ट्या जड पाण्यावर चालतात, आणि जड पाण्यातल्या ड्युटेरियमने एक न्यूट्रॉन गिळला की ट्रिटियम तयार होतं. त्यामुळे साध्या पाण्यावरच्या भट्ट्यांपेक्षा आपल्याकडे ते जास्त बनतं. अडचण अशी की ट्रिटियम पाण्यात विरघळलेलं नसतं. ते स्वतःच पाण्याचा रेणू होऊन बसलेलं असतं. पाण्यातून पाणी कसं गाळणार? फुकुशिमातही तेच झालं. बाकीची बहुतेक मूलद्रव्यं गाळण्यांनी खाली आणली, ट्रिटियम उरलं. म्हणून लिटरला १,५०० बेकरेलच्या खाली येईल इतकं समुद्राचं पाणी मिसळून ते सोडायचं ठरलं. बेकरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं.

ट्रिटियमचे किरण इतके दुबळे असतात की कातडीसुद्धा ओलांडत नाहीत. प्रश्न येतो तो पोटात गेल्यावर. तिथेही शरीर त्याला पाणी म्हणूनच वागवतं, दहाएक दिवसांत निम्मं घाम-लघवीतून बाहेर टाकतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेचा मार्गदर्शक आकडा लिटरला १०,००० बेकरेल आहे. युरोपीय संघाचा आकडा फक्त १००. मी आधी गोंधळलो. मग कळलं की युरोपातला १०० हा धोक्याचा आकडा नाही. एवढं दिसलं तर कुठून आलं ते शोधा, असं सांगणारा आकडा आहे.

इथे मला पहिल्यांदा माझा २४० आठवला. तोही एक आकडाच होता. त्याच्या पलीकडे काही दिसलं तर शोध थांबवायचा, असं सांगणारा.

डिसेंबरमध्ये सदाशिवगडला गेलो. मावशीने तिसऱ्यांचं सुकं केलं होतं. तिसऱ्या काळीच्या खाडीतल्याच. मी पहिला घास घेताना ती माझ्याकडे बघत होती. “सेफ असतं ना?” असं म्हणून हसली.

काकांना हे सगळं आठवतं. कैगाला विरोध झाला होता तेव्हा ते तरुण होते. शिवराम कारंतांसारखा मोठा लेखक त्या विरोधात उभा होता. मे १९९४ मध्ये बांधकाम चालू असतानाच पहिल्या भट्टीच्या घुमटाचं काँक्रीट कोसळलं, तेव्हा इथल्या लोकांना वाटलं होतं की आता हे बंद पडेल. पडलं नाही. “मग काय करता,” काका म्हणाले, “वीस-पंचवीस वर्षं झाली. सवय होते.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “पण तुमच्या त्या इंद्रायणीवर टीव्हीत पांढरा फेस दाखवतात, आळंदीला लोक त्यातच आंघोळ करतात, ते खरं काय?”

मी खरं म्हणालो.

मावशी म्हणाली, “बाई गं. आणि आम्हाला विचारतात कैगाजवळ कसे राहता!”

संध्याकाळी शेजारचा एक मुलगा ओट्यावर आला. माझ्याच वयाचा. कैगात ठेकेदाराकडे काही सीझन काम केलेला, भट्टी देखभालीसाठी बंद असते तेव्हाचं काम. तिकडे काय असतं विचारलं तर पहिली गोष्ट त्याने सांगितली ती लघवीच्या बाटलीची. आत काम करणाऱ्यांनी ठरावीक दिवसांनी नमुना द्यायचा. “सुरुवातीला लाज वाटते. मग डबा घेऊन जातो तशी बाटली ठेवून यायची.” कशासाठी? “ट्रिटियम.” चहा म्हणावं तितक्या सहज म्हणाला.

तेव्हा काकांनी २००९ ची गोष्ट काढली. ती नंतर मीही वाचली.

नोव्हेंबर २००९ मध्ये कैगाच्या पहिल्या भट्टीत काम करणाऱ्या काही जणांच्या नमुन्यांत ट्रिटियम नेहमीपेक्षा जास्त आलं. एकदोन नाही, पन्नासहून अधिक लोक. भट्टी तेव्हा देखभालीसाठी बंद होती. शोध घेत घेत माग लागला तो पिण्याच्या पाण्याच्या एका कूलरपर्यंत. ट्रिटियम असलेलं जड पाणी त्यात मिसळलेलं होतं. कूलर कुलूपबंद होता. आतल्याच कुणीतरी ओव्हरफ्लोच्या नळीतून ते ओतलं असावं, असा निष्कर्ष निघाला. अणुऊर्जा आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष अनिल काकोडकर यांनीही हे कुणीतरी जाणूनबुजून केलेलं कृत्य आहे असं सांगितलं. बाधित कामगारांना भरपूर पाणी आणि लघवी वाढवणारी औषधं देऊन ट्रिटियम शरीराबाहेर काढलं गेलं.

ही गोष्ट ऐकणारे बहुतेक जण दोनांपैकी एका बाजूला जातात. ‘बघा, एवढ्या सुरक्षेतही असं होतं’ किंवा ‘बघा, कुणालाही फार काही झालं नाही’. दोन्ही खरंच आहे. मला मात्र त्या रात्री मावशीच्या माडीवर झोप लागेना ती तिसऱ्याच कारणाने. हे पकडलं कशाने? फाटकावरच्या जवानाने पकडलं नाही, कुलपाने तर नाहीच. कूलरवर गजर वाजला नव्हता. पकडलं ते त्या कंटाळवाण्या बाटल्यांनी. रोजचे आकडे एकाएकी उडाले आणि प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाने त्याला नॉइज म्हटलं नाही.

त्या जागी माझा कोड असता तर? पन्नास माणसांचे आकडे मागच्या आकड्यांपासून फार लांब गेले. सेन्सर बिघडला. शेवटचा चांगला आकडा पाठवा. सगळे ठीक आहेत.

पुण्याला परतल्यावर लगेच काही केलं नाही, हेही सांगायला हवं. महिनाभर मी स्वतःला सांगत होतो की ते खरंच नॉइज असेल. असे प्रोब अनेकदा सीओडी थेट मोजत नाहीत. पाण्यातून प्रकाश सोडून किती शोषला जातो त्यावरून अंदाज बांधतात. काचेवर शेवाळ बसलं, बुडबुडा अडकला तरी आकडा उडतो. हे खोटं नाही. चांगल्या फिल्टरची गरज असतेच.

एका रविवारी मी घरी लॅपटॉपवर त्या क्लायंटचा डॅशबोर्ड उघडून बसलो होतो. बाबा चहा घेऊन मागे उभे राहिले. त्यांनी भोसरीतल्या प्लेटिंगच्या वर्कशॉपमध्ये २२ वर्षं काढलीत. क्रोमियमच्या टाकीवर काम केल्याने त्यांच्या बोटांवर जुने व्रण आहेत. ग्राफ बघून म्हणाले, “हे काय आहे?” मी सांगितलं, सांडपाणी. म्हणाले, “एवढं सरळ? हे पाणी आहे की बँकेची एफडी?”

मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या दृष्टीने काहीच विशेष नव्हतं. टाकी दिवसभर साठते. एखाद्या दिवशी माल जास्त असतो, ईटीपीला पेलत नाही. रात्रपाळीला व्हॉल्व्ह उघडायचा. पावसाळा असेल तर विचारायलाच नको. “तुला काय वाटलं, ती नदी दिवसा घाण होते?”

साइटवरच्या डेटा लॉगरमध्ये कच्चे आकडे तीस दिवस राहायचे. सोमवारी मी ते खाली उतरवून घेतले. स्पाइक होते. रात्री दोन ते चार, मंगळवारी आणि शुक्रवारी. चार आठवडे, तेच दोन वार. शेवाळाला आणि बुडबुड्याला वार कळत नाहीत.

मी मॅनेजरकडे गेलो. तो वाईट माणूस नव्हता. त्याने ग्राफ शांतपणे पाहिला आणि म्हणाला, “रिक्वायरमेंट क्लायंटची आहे. ईमेल आहे आपल्याकडे. आपण कव्हर्ड आहोत.” मी म्हटलं, निदान कच्चा आकडा पण सोबत पाठवू, बदलला असेल तर बदलला अशी खूण करू. तो म्हणाला, लिहून दे, क्लायंटला विचारतो. मी लिहून दिलं. क्लायंटने ते नको म्हणून कळवलं. नंतर मला दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं, आणि चार महिन्यांनी मी कंपनी सोडली. सोडताना कोडची प्रत नेता येत नाही. त्यामुळे ती ओळ काढली गेली का, हे मला सांगता येणार नाही. नसावी, असं वाटतं. तक्रार लिहायला मी दोनदा बसलो. दोन्ही वेळा घराच्या हप्त्याचा मेसेज आला असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल, पण तसं काही घडलं नाही. मी फक्त लॅपटॉप बंद केला.

तेव्हापासून मी या दोन पाण्यांची तुलना करत असतो. एकात किरणोत्सार आहे, दुसऱ्यात साधी रसायनं, तरी मला पहिल्याची भीती कमी वाटू लागली. त्याला दोन कारणं आहेत.

एक म्हणजे टाकी. अणुऊर्जा केंद्रात सांडपाणी आधी टाकीत साठवतात, नमुना काढतात, मोजतात, आणि आकडा बसला तरच तेवढी टाकी सोडतात. नाही बसला तर पाणी परत प्रक्रियेला. आमच्याकडे पाणी वाहत असताना मोजायचं. आकडा वाईट आला तेव्हा पाणी पुढे गेलेलं असतं. आता दुरुस्त करण्यासारखी एकच गोष्ट हातात उरते, तो आकडा. मग माझ्यासारख्याकडे तिकीट येतं.

दुसरं कारण हिशोबाचं. आमची मर्यादा लिटरला किती, एवढीच बघते. लिटर वाढवले की आकडा खाली. घाण तेवढीच राहते. साधं पाणी मिसळून मर्यादेत बसणं नियमाला धरून नाही, पण प्रोबला ते ओळखता येत नाही. अणुऊर्जा केंद्राला लिटरच्या मर्यादेसोबत वर्षाची एकूण मर्यादाही असते, वर्षभरात इतकेच बेकरेल. कितीही पाणी ओता, अणू मोजले की बेरीज तीच येते. आणि ती मर्यादा मागून काढली जाते, म्हणजे खालच्या गावातला माणूस ते पाणी पितो, ते मासे खातो असं धरून, त्याला वर्षाला जास्तीत जास्त १ मिलिसिव्हर्ट या मर्यादेच्या खूप आत कसं ठेवायचं, तिथून सुरुवात करून. निसर्गातूनच आपल्याला जगभर सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. त्या हिशोबात माझी मावशी आहे, तिच्या तिसऱ्यांसकट. आमच्या २५० मध्ये कुणी माणूस बसलेला मला दिसला नाही.

पण ही अणुऊर्जेची जाहिरात नाही. काळी नदीतल्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर तो मोजणाऱ्यावर ठेवायला लागतो. केंद्र चालवतं सरकारी महामंडळ. आसपासचं पाणी, मासे, भाजी तपासणाऱ्या प्रयोगशाळा भाभा अणुसंशोधन केंद्राच्या. आणि नियामक मंडळ, जे १९८३ मध्ये स्थापन झालं, तेही त्याच छत्राखालचं. २०१२ मध्ये कॅगने आपल्या अहवालात याच स्वायत्ततेच्या अभावावर बोट ठेवलं होतं. कच्चे आकडे मावशीला दिसत नाहीत. तिला मिळतं ते वार्षिक अहवालातलं टक्केवारीचं चित्र, मर्यादेच्या इतके टक्के सोडले. ते चित्र खोटं आहे असं माझ्याकडे म्हणायला काहीही नाही. पण सरळ ग्राफ कसे बनतात हे मला आतून माहीत आहे, आणि ते माहीत झालेल्या माणसाला ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ पुरत नाही.

आता हे आणखी जवळ येतंय. २०२४ च्या अखेरीस न्यूक्लिअर पॉवर कॉर्पोरेशनने खासगी उद्योगांकडून प्रस्ताव मागवले, त्यांच्या स्वतःच्या कारखान्यांना वीज देण्यासाठी २२० मेगावॅटच्या ‘भारत स्मॉल रिॲक्टर’साठी. म्हणजे कैगातल्याच जातीची भट्टी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा मंजूर केला. त्याने खासगी कंपन्यांना या क्षेत्राचं दार उघडलं आणि त्याच कायद्याने नियामक मंडळाला वैधानिक दर्जाही दिला. दुसरी गोष्ट खूप आधी व्हायला हवी होती. पहिलीबद्दल मला वाटतं ते एवढंच, की कारखान्यांना लागून उभ्या राहणाऱ्या भट्ट्या बहुतेक समुद्रापासून लांबच असतील, एखाद्या धरणाच्या किंवा कालव्याच्या पाण्यावर. तिथलं सॉफ्टवेअर लिहायला आमच्यासारखीच पोरं बसतील. तिकीट सिस्टीम तीच असेल. कुणीतरी दुपारी जेवणाआधी एक ओळ संपवेल.

त्या पोराला सांगायला माझ्याकडे दोनच गोष्टी आहेत. कच्चा आकडा कधी पुसू नकोस. फिल्टर लाव, हवा तसा लाव, पण मूळ आकडा शेजारी राहू दे आणि तो बाहेरच्या माणसालाही दिसू दे. आणि आकडा उडाला की ‘सेन्सर बिघडला का’ हे विचारण्याआधी ‘काही घडलं का’ हे विचार. मी आता जिथे काम करतो तिथे पाण्याशी संबंध नाही, गाड्यांच्या बॅटऱ्यांचा डेटा असतो. तिथे मी कच्च्या आकड्यांचा कॉलम ठेवायला लावला आहे. स्टोरेजचा खर्च वाढतो म्हणून दर तिमाहीला भांडण होतं.

गेल्या कार्तिकी वारीच्या आसपास मावशीने ग्रुपवर टीव्हीचा फोटो टाकला. आळंदीचा घाट, त्यावर पांढरा फेस, फेसात उभा असलेला एक म्हातारा वारकरी, हात जोडलेला. खाली तिने लिहिलं होतं, ‘हे तुमच्याकडचं ना?’

तो फेस घरगुती सांडपाण्याचा किती आणि कारखान्यांचा किती, यावर दरवर्षी वाद होतो. ज्या कारखान्याचे स्पाइक मी पुसले त्याच्या मागचा नाला निघोजेच्या बाजूने इंद्रायणीलाच मिळतो. मोशीच्या पुलावरून ऑफिसला जाताना रोज ती नदी ओलांडतो.

मी लिहिलं, ‘हो.’ मग थांबून लिहिलं, ‘त्यातलं थोडं माझंपण आहे.’

तिचं लगेच आलं, ‘म्हणजे?’

मी फोन लावला.